घराचा गारवा आणि नगराची धग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण देताना कार्यकारिणीने विषयाची निवड आमच्यावर सोपविली. अशा प्रसंगी संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवकाल यांपैकी एखादा विषय घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. तरीही आम्ही आज घर आणि हवा यांच्या परस्परसंबंधाविषयी बोलणार आहोत. त्याचे कारण साधे आहे. मे-जून महिन्यांत आपण मराठी मंडळी कोणाच्याही घरी जमलो की क्षेमकुशलाची दोन वाक्ये होतात आणि तिसऱ्या वाक्याला संभाषण उकाड्यावर येते, चौथ्याला विजेच्या बिलावर. या दोन गोष्टी आपण एकापाठोपाठ बोलतो, पण त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत हे सहसा ध्यानात घेत नाही. ती साखळी आज आपल्यापुढे उलगडून ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी या नगरात उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर काढल्या जात. संध्याकाळी गच्चीवर पाण्याचा सडा घालावयाचा, विटांतून वाफ निघून गेली की खाटा मांडावयाच्या आणि पहाटे अंगावर चादर ओढून घ्यावयाची. आज त्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत आणि खाटा अडगळीत आहेत. गच्चीवरील झोप का गेली? डास आले, संकोच वाढला, सवयी बदलल्या, ही कारणे खरीच आहेत. पण आणखी एक कारण आहे. नगराची रात्र पूर्वीसारखी निवत नाही, आणि ती तशी निवू नये याची तजवीज आपणच आपल्या घरांच्या पाठीमागे करून ठेविली आहे.

प्रथम 'सूक्ष्म हवामान' म्हणजे काय ते पाहू. वेधशाळेच्या आकड्यात सर्व शहराचे मिळून एक तापमान असते. परंतु माणूस त्या आकड्यात राहत नाही. तो एखाद्या भिंतीच्या पश्चिमेला, एखाद्या झाडाखाली किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला राहतो आणि या प्रत्येक ठिकाणची हवा निराळी असते. या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. १९२८ पासून १९४४ पर्यंत भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय पुण्यास होते. तेथे डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेचा बारकाईने अभ्यास केला. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर जमिनीपासून काही वीतभर उंचीवर असते, हे रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. जगभरच्या शास्त्रज्ञांना ते प्रथम पटले नाही. पुढे ते मान्य झाले. एका वितीच्या अंतरात हवा बदलत असेल, तर एका गल्लीच्या अंतरात ती किती बदलत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

शहराच्या बाबतीत हेच निरीक्षण त्याहून शंभर वर्षे जुने आहे. लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या औषधव्यावसायिकाने वर्षानुवर्षे नोंदी ठेवून शहरातील रात्र आसपासच्या खेड्यांतील रात्रीपेक्षा उबदार असते, असे १८१८ ते १८२० या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले. दगड, वीट आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते सावकाश सोडतात. उंच भिंतींमुळे ती उष्णता मोकळ्या आकाशाकडे निसटू शकत नाही. माती आणि झाडे असती तर पाण्याची वाफ होण्यात जी उष्णता खर्ची पडली असती, तीही हवेतच राहते. आणि चुली, गाड्या, यंत्रे यांची धग तिच्यात भर घालते. यालाच शास्त्रज्ञ 'नागरी उष्णताद्वीप' म्हणतात.

आता आपल्या चंडीगढकडे वळू. फाळणीनंतर पंजाबला लाहोर गमवावे लागले आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवी राजधानी उभारण्याचे ठरले. अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मृत्युमुखी पडले आणि १९५१ मध्ये ते काम ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे आणि इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांच्याकडे आले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले. या कामावर झटलेल्या भारतीय वास्तुविशारद व नियोजकांच्या यादीत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, युली चौधरी यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावे आढळतात, तेथे मराठी माणसाचे डोळे क्षणभर थांबल्यावाचून राहत नाहीत. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हेही त्या काळात पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात चंडीगढच्या आराखड्यांवर काम करीत होते.

या मंडळींनी घरे रेखाटण्यापूर्वी हवेचा विचार केला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. पॅरिसच्या कार्यालयात 'हवामानाची चौकट' नावाचा एक मोठा तक्ता तयार करण्यात आला. त्यात वर्षाच्या बारा महिन्यांपुढे तापमान, आर्द्रता, वारा आणि उष्ण पृष्ठभागांचे प्रारण यांच्या नोंदी होत्या. कोणत्या महिन्यात माणसाला कशाचा त्रास होतो आणि त्यावर इमारतीने काय उपाय करावा, हे त्याच्या पुढच्या भागांत मांडलेले होते. यंत्र लावून हवा बदलण्याची सोय सामान्य सरकारी घरास परवडणारी नव्हती. त्यामुळे भिंत, छप्पर, सावली आणि झुळूक हीच साधने होती.

सूर्याचा हिशेब पाहू. आपल्या पुण्यामुंबईकडे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये मध्यान्ही तो किंचित उत्तरेला असतो. चंडीगढ सुमारे ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. २१ जूनला मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ८३ अंश उंच असतो, तर डिसेंबरात केवळ ३६ अंश. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर जूनच्या मध्यान्ही त्याची सावली पंधरा फूट खाली उतरते आणि सबंध भिंत झाकते. तोच छज्जा डिसेंबरात दीड फुटाचीच सावली देतो आणि उरलेले ऊन खोलीत येऊ देतो. एका खर्चात उन्हाळ्याची सावली आणि हिवाळ्याचे ऊन मिळते.

पण येथे एक अडचण आहे. चंडीगढचा आराखडा दिशांना तिरपा बसविलेला आहे. जनमार्ग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जातो आणि मध्यमार्ग त्याला काटकोनात छेदतो. त्यामुळे निव्वळ दक्षिणेची भिंत येथे विरळाच. बहुतेक घरांना नैर्ऋत्य किंवा वायव्य भिंत असतेच, आणि दुपारनंतर कललेले ऊन तिच्यावर तिरपे येऊन आदळते. ते छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून येथील जुन्या इमारतींवर उभ्या पट्ट्या, खोल कोनाडे आणि विटांच्या जाळ्या दिसतात. ती केवळ नक्षी नव्हे. जाळीवर ऊन अडते, वारा मात्र आत येतो. आपल्याकडील वाड्यांच्या झरोक्यांना आणि कोकणातील पडवीच्या गजांना जे काम होते, तेच काम येथे विटेने केले.

फ्राय, ड्रू आणि जानरे यांनी सरकारी नोकरांसाठी तेरा-चौदा प्रकारची घरे आखली. अगदी खालच्या श्रेणीच्या घरालाही दोन खोल्या, नळाचे पाणी, व्हरांडा आणि अंगण मिळाले. सेक्टर २२ मध्ये या घरांची पहिली मोठी वस्ती उभी राहिली. नऊ इंची विटेची भिंत दुपारचे ऊन आत पोहोचविण्यास सात-आठ तास घेते; म्हणजे भिंतीची धग खोलीत यावयाची तेव्हा घरातील माणसे अंगणात किंवा गच्चीवर गेलेली असत. दिवसा खोली, संध्याकाळी अंगण आणि रात्री गच्ची, असा माणसाचा घरातल्या घरात प्रवास गृहीत धरून ही घरे बांधली होती. पंजाबात छपरावर मातीचा जाड थर देऊन वर विटेच्या लाद्या बसविण्याची जुनी रीत आहे. खानदेश-वऱ्हाडातील धाब्याच्या घरांत किंवा मराठवाड्याच्या माळवदावर ज्यांचे बालपण गेले असेल, त्यांना तिचे मर्म निराळे सांगावयास नको.

घरापलीकडचा विचारही झाला. प्रत्येक सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद, आणि त्याच्या मधून हिरवा पट्टा. नगराच्या मधोमध जुन्या ओढ्याच्या पात्रात झाडीची सलग दरी. आणि १९५८ मध्ये ओढा अडवून केलेला सुखना तलाव. वृक्षारोपणाचे श्रेय प्रामुख्याने डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्याकडे जाते. ते सनदी अधिकारी होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही. १९६६ ते १९६८ या काळात ते या केंद्रशासित प्रदेशाचे मुख्य आयुक्त होते. आज आपण ज्या बहाव्याच्या, नीलमोहराच्या, आंब्याच्या रांगांखालून जातो, त्या त्यांच्या पिढीने लावल्या. लावणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांची पुरती सावली मिळाली नसेल.

झाड किती गारवा देते याचा हिशेब मांडता येतो. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता लागते. पुरेसे पाणी असलेले मोठे झाड उन्हाळ्याच्या दिवसात शंभर लिटरपर्यंत पाणी पानांवाटे सोडू शकते. म्हणजे ६८ युनिट उष्णता वाफेच्या रूपाने सुप्त होऊन वर निघून गेली. त्याखेरीज सावली आहेच; आणि सावलीतली भिंत तापतच नाही, हा फायदा वाफेहून मोठा आहे. गहू कापून झाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत पंजाब-हरियाणातील शेते उघडी पडतात. त्या काळात उत्तर भारतातील काही शहरांचा पृष्ठभाग दिवसा आसपासच्या शेतांपेक्षा कमी तापलेला असतो, असे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. झाडी आणि सिंचन यांचा तो प्रताप. रात्री मात्र पारडे फिरते आणि शहरच अधिक उष्ण राहते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. या नगराच्या कर्त्यांचे सर्वच काही साधले असे नाही. सचिवालयाच्या काँक्रीटच्या पट्ट्या दिवसा ऊन अडवितात. पण त्या स्वतः तापतात आणि रात्री ती धग इमारतीला परत करतात, हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. कॅपिटोलच्या विस्तीर्ण फरसबंदीवर मे महिन्याच्या दुपारी उभे राहून पाहावे म्हणजे युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरविलेली वास्तूही सूर्यापुढे किती हतबल होते ते कळते. परंतु उच्च न्यायालयावर त्यांनी उभारलेले दुहेरी छप्पर मात्र आजही शिकण्यासारखे आहे. वरचे छप्पर छत्रीसारखे ऊन झेलते, दोहोंमधून वारा वाहतो आणि खालचे छप्पर सावलीत राहते.

आतापर्यंत आपण हवेचा घरावर होणारा परिणाम पाहिला. आता उलट बाजू पाहू. घर हवेचे काय करते?

पूर्वी घरोघरी मातीच्या चुली असत. आज प्रत्येक घराच्या पाठीमागे एकेक चूल टांगलेली आहे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालत असता खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता काढते. त्यासाठी सुमारे दीड किलोवॉट वीज खाते, आणि ती वीजही शेवटी उष्णताच होते. दोहोंची बेरीज, म्हणजे पावणेसात किलोवॉट, बाहेरच्या हवेत जाते. दोन किलोवॉटचे तीन गीझर उघड्यावर पेटवून ठेवावेत, त्याहून ही धग अधिक आहे. एका गल्लीत अशी वीस यंत्रे असली म्हणजे सव्वाशे किलोवॉटच्या वर उष्णता त्या चिंचोळ्या जागेत ओतली जाते. मघाच्या झाडाचा हिशेब आठवावा. मोठे झाड दिवसभरात जितकी उष्णता शोषते, तितकी एक यंत्र पूर्ण भाराने चालून दहा तासांत बाहेर फेकते. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे एक वृक्ष हवा. आणि आपण तर यंत्र बसविताना वाटेत येणारी फांदी तोडतो.

दुष्टचक्र येथेच सुरू होते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके यंत्राला उष्णता बाहेर टाकणे कठीण. बाहेरचे तापमान एक अंशाने वाढले की त्याच गारव्यासाठी साधारण दोन ते तीन टक्के वीज अधिक लागते. त्या अधिक विजेची उष्णता पुन्हा गल्लीत जाते, गल्ली अधिक तापते आणि शेजारचे यंत्र अधिक वेळ चालते. अमेरिकेतील फीनिक्स हे आपल्यासारखेच कोरड्या, कडक उन्हाळ्याचे शहर. तेथील वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीचे तापमान एक अंश सेल्सियसहून अधिक वाढते, असा निष्कर्ष ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये काढला. दिवसापेक्षा रात्री हा परिणाम अधिक, कारण रात्री हवेची घुसळण मंदावते आणि टाकलेली उष्णता वर न जाता खालीच रेंगाळते. गच्चीवरील झोप गेली त्याचे एक कारण आपणांस येथे सापडेल.

या ठिकाणी एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या घराचा मागचा व्हरांडा काचा लावून बंद केला. धूळ येते, खोली कमी पडते, हिवाळ्यात गारठा लागतो, ही तीनही कारणे खोटी नव्हती. पहिल्या हिवाळ्यात आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली. काचेतून आलेले ऊन आत कोंडून राहते आणि ती जागा उबदार होते, हे सुखाचे होते. पण मे महिन्यात तेच ऊन तसेच कोंडले आणि व्हरांड्याच्या सावलीत असलेली आतली खोली, जी तोवर पंख्यावर भागत होती, ती भट्टी झाली. मग यंत्र आले. ते मागील भिंतीवर बसले आणि त्याचे तोंड गल्लीपलीकडच्या घराकडे झाले. त्या घरातील वृद्ध बीजी दर उन्हाळ्यात त्या खिडकीशी मंजी टाकून रात्रीचे वारे घेत असत. त्या आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. एके दिवशी त्यांची मंजी तेथून हललेली दिसली आणि खिडकी बंद झाली. पुढच्या वर्षी त्यांच्याही भिंतीवर यंत्र लागले, आणि त्याचे तोंड आमच्याकडे होते. त्यांचा मुलगा काही वाईट वागला असे म्हणता येणार नाही. आम्ही जे केले तेच त्याने केले. आज दोन्ही घरांच्या खिडक्या मार्चमध्ये बंद होतात त्या ऑक्टोबरात उघडतात.

ही एका गल्लीची गोष्ट झाली. सबंध नगराचीही तीच आहे. पहिल्या टप्प्यातील सेक्टर १ ते ३० हे दीड लाख वस्तीसाठी आणि सबंध नगर पाच लाखांसाठी कल्पिलेले होते. २०११ च्या जनगणनेत या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १०,५५,४५० होती. वस्ती वाढणारच, माणसांना घरे हवीतच. प्रश्न ती कशी वाढते हा आहे. अंगणात फरशी पडली की पावसाचे पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात वाफ होण्यास मातीत ओल उरत नाही. एका कुटुंबाची कोठी मजल्यागणिक तीन कुटुंबांत वाटली गेली की यंत्रे तिप्पट, गाड्या तिप्पट. आणि गाड्या उभ्या करण्यासाठी पुढची हिरवळ जाते. पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत असे मजलेवार विभाजन करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ च्या निकालाने मनाई केली आणि नगरविकासास परवानगी देण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणाम तपासण्याची व्यवस्था व्हावी, असे कायदेकर्त्यांना सुचविले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे आपल्या अमरावतीचे. पुढे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. परंतु न्यायालय मजला अडवू शकते. आपल्या भिंतीवरील यंत्राचे तोंड कोणीकडे असावे, हे आपणच ठरवावयाचे असते.

मग करावे काय? यंत्रे फोडून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्यातील वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले यांच्यासाठी जुलै महिन्यातील दमट रात्री ते यंत्र चैन नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की ते शेवटचे साधन असावे, पहिले नव्हे. आणि त्यापूर्वीची साधने क्रमाने सांगता येतात.

पहिले साधन सावली, आणि तीही काचेच्या बाहेर. खिडकीच्या आतला पडदा ऊन आत आल्यावर ते अडवितो. बाहेरची चिक किंवा जाळी ते येऊच देत नाही. दुसरे साधन छप्पर. वरच्या मजल्यावरील उष्णतेचा मोठा भाग छतातून येतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात किंवा उष्णतारोधक थर दिला तर फरक पहिल्याच रात्री जाणवतो. येथे पाचशे चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांना २०१६ मध्ये सौर विद्युत्पट्टिका सक्तीच्या झाल्या. त्या पट्टिका छपरापासून काही अंतरावर उचलून बसविल्या म्हणजे वीज मिळते आणि सावलीही. उच्च न्यायालयाच्या दुहेरी छपराचाच तो घरगुती अवतार समजावा.

तिसरे साधन झाड. पण ते पारखून लावावे. बहावा आणि नीलमोहर फुलतात तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटते, परंतु ऐन उन्हाळ्याच्या तोंडी त्यांची पाने झडलेली असतात. नैर्ऋत्य भिंतीसाठी तुतीसारखे झाड उत्तम. ते हिवाळ्यात निष्पर्ण होऊन ऊन सोडते आणि उन्हाळ्यात दाट सावली धरते. चौथे साधन कूलर. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो यंत्राच्या तुलनेत फारच थोड्या विजेवर खोली निववितो आणि बाहेर धग टाकीत नाही. आपल्या वाळ्याच्या ताट्यांचाच तो वंशज. पावसाळ्यात हवा ओलाव्याने भरली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा यंत्राची पाळी यावी. आणि ती आल्यावर पंखा चालू ठेवून यंत्र २६ अंशांवर ठेवावे. एक अंश वर ठेविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती यंत्रे आपोआप २४ अंशांवर सुरू होतील अशीच बनविण्याचा नियम झाला, तो याच कारणाने.

मोठ्या इमारतींनाही हे साधते. सेक्टर ३३ मधील पंजाब ऊर्जा विकास संस्थेची इमारत वास्तुविशारद अरविंद कृष्ण यांनी उजेड, वारा आणि सूर्य यांच्या हिशेबाने आखली. विषयात रस असणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी. उलट नगराच्या भोवताली आज नखशिखान्त काचेच्या ज्या इमारती उठत आहेत, त्या थंड देशांतील उन्हाच्या भुकेतून जन्मलेल्या आहेत. आपल्याकडे त्या ऊन आत घेतात आणि मग ते बाहेर काढण्यासाठी वीज जाळतात.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही समारोपाकडे वळतो. यंत्राने गारवा घेणारा एक असतो आणि त्याची धग सोसणारा बहुधा दुसरा असतो. आपल्या मागील गल्लीत भाजीची रेहडी उभी करणारा, गच्चीवरच्या एका खोलीत राहणारी कामवालीबाई, फाटकाशी बसलेला रखवालदार, यांच्या भिंतीवर यंत्र नाही. आपल्या बिलात आपल्या विजेचे पैसे येतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या उष्णतेचे पैसे कोणत्याच बिलात येत नाहीत. मराठीत या हिशेबाला एक जुना शब्द आहे, शेजारधर्म. पूर्वी शेजारधर्म म्हणजे वाटीभर साखर आणि अडीअडचणीला हाक. आता त्यात हवेचाही समावेश करावा लागेल.

आपण या नगरात बदलीने, नोकरीने, शिक्षणाने आलो. परतीची गाठोडी मनात बांधूनच आपल्यापैकी अनेकांनी येथे पहिली वर्षे काढली आणि म्हणून येथील झाड, येथील गल्ली ही 'यांची', आपली नव्हे, असे वाटत राहिले. अशा वेळी आम्हांस पिएर जानरे आठवतात. तेही परमुलखातले. बाकीचे परतले; ते १९६५ पर्यंत येथे राहिले, येथील सामान्य माणसाच्या घरांची, शाळांची, विटांच्या जाळ्यांची कामे करीत राहिले. १९६७ मध्ये ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७० मध्ये त्यांची रक्षा सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. ज्या नगरात सावली धरावयास शिकलो, ते नगर परके राहत नाही.

आम्ही यंदा मागच्या व्हरांड्याच्या काचा काढून तेथे जाळी बसविली आहे आणि यंत्राचे तोंड वर, आकाशाकडे वळविले आहे. मार्च सरल्यावर खिडकी उघडी ठेवून पाहणार आहोत. समोरची खिडकी कधी उघडेल हे आमच्या हातात नाही. पण ती उघडावी असे वाटत असेल, तर सुरुवात आमच्याच भिंतीपासून व्हावयास हवी.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.